हात कुणावर उठतो

शाळेत पोरं मला फटकाबाई म्हणायची. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं वाईटही वाटत नसे. उलट वर्गाच्या दाराशी माझी चप्पल वाजली की आतला गलका एकदम गप्प व्हायचा, ते मला आवडायचं. मला वाटायचं, ही आपली जरब. गणिताच्या बाईला जरब पाहिजेच.

आम्ही राहायला कोल्हापुरात होतो आणि माझी शाळा हुपरीच्या वाटेवरच्या एका गावात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. सकाळी मुलीचा डबा भरायचा, सासूबाईंचा चहा करायचा आणि एसटी गाठायची. शाळेत पालक भेटायचे ते एकच सांगायचे, "मारा की बाई. हाडं आमची, कातडं तुमचं." कुणी कधी तक्रार घेऊन आलं नाही. मुख्याध्यापकही पाहुण्यांना अभिमानानं सांगत की आमच्या गणिताच्या बाईंच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते.

माझ्या आईचा हात असाच होता. आमच्या माहेरी सगळेच तापट आणि ते आम्ही मिरवायचो. "आमच्या घरचं रक्त गरम हाय," असं आई पाहुण्यारावळ्यांत सांगायची. आई जे हातात येईल त्यानं मारायची आणि नंतर तेच हात धुऊन गरम भाकरी वाढायची. त्यामुळे मारणं आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला बरीच वर्षं वाटलंच नाही.

मग ती मुलगी. आठवीत होती. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, अंगानं किरकोळ, दोन घट्ट वेण्या. गणपतीच्या सुट्टीनंतरचा आठवडा होता. मी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि तिला पुढची पायरी विचारली. ती नुसती बघत राहिली. मी परत विचारलं. ती परत नुसती बघत राहिली. मला वाटलं, ही मुद्दाम करतेय. मी बाकांच्या मधून गेले. ती उभी राहायला लागली आणि ती पुरती उभी राहायच्या आत मी तिच्या कानाखाली आवाज काढला.

मार खायची सवय असलेली पोरं आधीच डोळे मिटून घेतात, खांदा वर करतात. तिनं तसं काही केलं नाही. माझा हात येणार हे तिच्या मनातच आलं नव्हतं. मला ते त्या क्षणी दिसलं. तरीही मी फळ्याकडे वळले आणि समीकरण पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी ती कानात कापूस घालून आली. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी आली नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई शाळेत आली. घरात चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचं काम करणारी बाई. बोटांची टोकं काळी पडलेली, नखं झिजलेली. ती शिक्षकखोलीच्या दाराबाहेरच उभी राहिली. मी बाहेर गेले.

"बाई, हिनं काय केलतं वो?" ती म्हणाली.

मी म्हणाले, "काही नाही. उत्तर दिलं नाही म्हणून एक दिली."

"कानातनं पानी येतंय. रातभर शिट्टी वाजतीया म्हनती. बारकी असताना कान फुटायचा तिचा, म्हनून इचारलं." आणि मग जणू चूक तिचीच असल्यासारखी ती घाईनं म्हणाली, "तुमाला बोल लावाय आलो न्हाई मी."

मी त्या दोघींना घेऊन शनिवारी कोल्हापुरात एका कानाच्या डॉक्टरांकडे गेले. एसटीत मुलगी खिडकीशी, मध्ये आई, कडेला मी. डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं. पडद्याला भोक पडलंय म्हणाले. बहुतेकदा आपोआप भरून येतं, पण हिचा कान आधीच अधू दिसतोय, बघू या. मग त्यांनी विचारलं, "कसं झालं हे?"

मी तोंड उघडायच्या आत तिची आई बोलली. "पडली वो. उंबऱ्याला ठेचकाळून."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "आपण कोण?"

"मी हिची शिक्षिका," मी म्हणाले. तेवढंच म्हणाले.

ते म्हणाले, "एवढी काळजी घेणाऱ्या शिक्षिका हल्ली कुठं मिळतात?"

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवर कानाचं मोठं रंगीत चित्र लावलेलं होतं, ते ती बघत होती. बाहेर आल्यावर स्टँडकडे चालताना तिची आई मला म्हणाली, "मारा की बाई. मारल्याबिगर पोरं शिकत्यात व्हय? पन कानाखाली नगा." ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी विनवणी केल्यासारखी, भाजी निवडून घेताना सांगावं तसं बोलली. म्हणजे तिच्या लेखी मार ठरलेलाच होता. ती फक्त जागा बदलून मागत होती.

त्या दिवशी मी ठरवलं की हात उचलायचा नाही. अंबाबाईच्या देवळात जाऊन शपथ घेतली. वर्गात दोन्ही हातांत काहीतरी धरून ठेवायचे, एकात खडू, एकात डस्टर. अकरा दिवस निभावलं. बाराव्या दिवशी नववीतल्या एका मुलाला डस्टरनंच मारलं. नंतर महिनाभर काही नाही, मग परत. दरवेळी मारल्यावर घरी येऊन मी उपास धरायचे. उपासानं पोट रिकामं व्हायचं, बाकी काही व्हायचं नाही.

नवऱ्याला मी सांगितलं. तो उद्यमनगरात एका कारखान्यात सुपरवायझर होता, शांत माणूस. जेवता जेवता म्हणाला, "तू उगंच जिवाला लावून घेतीस. स्वभाव हाय तुझा. स्वभावाला औषध न्हाई."

त्यानं मला धीर द्यायला म्हटलं होतं, आणि मला धीर आलाही. आता मागं वळून बघताना वाटतं, माझं त्या काळात सगळ्यात जास्त नुकसान त्या वाक्यानं केलं. स्वभाव म्हटलं की हात माझा राहत नव्हता. तो आईचा होता, आजोळचा होता, गरम रक्ताचा होता. मी आपली त्याच्या मागून फरफटत जाणारी.

त्या वर्षी दहावीचा गणिताचा निकाल घसरला. संस्थेच्या चेअरमननी सगळ्या शिक्षकांची बैठक बोलावली. दांडगा माणूस, बोलायला फटकळ. शिपाई चहा फिरवत होता, त्याच्यादेखत ते मला म्हणाले, "बाई, तुमाला शिकवायला ठेवलंय का स्वेटर इनायला?"

मी जन्मात शाळेत सुई नेली नव्हती. कान तापले, मान तापली. मी म्हणाले, "चुकलं सर. पुढच्या वर्षी सुधारणा दिसेल."

कुणीतरी हसलं. शिपायानं माझ्यापुढं कप ठेवला.

संध्याकाळच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. राग अजून अंगात होता. मी मनातल्या मनात चेअरमनना काय काय सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि मग मध्येच माझं लक्ष मांडीवरच्या पर्सवर गेलं. तिच्यावर माझे दोन्ही हात एकावर एक शहाण्यासारखे ठेवलेले होते. बैठकीतही ते असेच होते. इतका राग येऊनही उजवा हात बोटभर हलला नव्हता.

मी तिथंच बसून आठवायला लागले. हा हात सासूबाईंवर कधी उठला? नाही. सुट्ट्या पैशांवरून अपमान करणाऱ्या कंडक्टरवर? नाही. नवऱ्यावर? नाही. मग तो रागानं आंधळा कसा? त्याला तर समोरचं माणूस नीट दिसत होतं. किती मोठं, किती लहान, उलटून काय करू शकेल, सगळं एका क्षणात मोजून तो ठरवत होता. आंधळा रागीट हात वेगळा आणि असा हिशोबी हात वेगळा.

गाव मागं पडत होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, आणि मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. पण त्या किळसेच्याच पोटात दुसरी एक गोष्ट होती, ती उतरल्यावर चालता चालता लक्षात आली. भीतीपोटी का होईना, हात मागं घेणं मला येत होतं. रोज येत होतं. जे येत नाही ते शिकायचं नव्हतंच. जे येतं तेच दुसऱ्या ठिकाणी करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या वर्गात, आता ती नववीत होती, पुस्तक न उघडता उभी राहिले. म्हणाले, "हिच्या कानाला जे झालंय ते माझ्या हातानं झालंय. पडून नाही झालेलं. आणि आजपासून माझा हात वर गेलेला दिसला, की सगळ्यांनी जागेवर उभं राहायचं. मला ते दिसेल आणि मी थांबेन. कुणाला शिक्षा होणार नाही."

पोरांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांना वाटलं असणार, ही नवीन काहीतरी युक्ती आहे, जो उभा राहील त्याला आधी बडवणार.

तीन आठवडे बरे गेले. मग एका तासाला मी फळ्यावर लिहीत असताना मागं खुसखुस झाली. वळून बघते तर पहिल्या बाकावरचा एक पोरगा माझ्या चालण्याची नक्कल करत होता. दोन पावलांत मी त्याच्यापाशी पोचले. हात वर गेला. मला आठवतं, हात वर असतानाही मी वाट बघत होते, कुणीतरी उठेल म्हणून. पन्नासातलं एकही पोर हललं नाही. सगळे वहीत बघत होते.

आणि बाक सरकल्याचा आवाज आला. ती उभी राहिली होती. एकटी. बाकाची कड घट्ट धरून उभी होती. माझ्याकडे बघत होती, आणि या वेळी तिनं खांदा वर उचलून धरला होता. मार येणार हे धरूनच ती उठली होती.

माझा हात खाली आला. मी त्या पोराला म्हणाले, "बस." तिला म्हणाले, "बस." उरलेला तास मी कसा घेतला मला आठवत नाही.

त्यानंतर मी त्या वर्गात कुणाला मारलं नाही. बाकीच्या वर्गांतलं सुटायला आणखी वर्ष गेलं. कष्टाचं काम होतं ते. रोज सकाळी एसटीत बसल्यावर मी स्वतःला सांगायचे, काल जमलं होतं, आज जमेल. पहिले कित्येक दिवस ते खोटं वाटायचं, पाठ केलेल्या पाढ्यासारखं. पण पाढा म्हणत राहिलं की तो एक दिवस अंगात उतरतो, हे गणिताच्या बाईला कळायला हरकत नव्हती. वर्गात राग चढला की मी मोठ्यानं सांगायचे, "मला राग आलाय. मी खिडकीपाशी जाते." पोरं पहिल्यांदा हसली. पुढं त्यांना सवय झाली. काही वर्षांनी नवीन आलेली पोरं एकमेकांना विचारायची की हिला फटकाबाई का म्हणतात. नाव राहिलं होतं, त्यामागचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं.

तिचा डावा कान मात्र पुरता भरला नाही. दहावीपर्यंत ती पुढच्या बाकावर, माझ्याकडे उजवी बाजू करून बसली. पास झाली, लग्न होऊन कर्नाटकाच्या हद्दीकडं गेली. पुढं एकदा स्टँडवर भेटली. कडेवर बाळ. "बाई, बऱ्या हाय न्हवं?" म्हणाली आणि मी उत्तर देताना तिनं मान वळवून उजवा कान पुढं केला. तिची गाडी लागली होती, ती गेली. मी माफी मागायची ठरवून कितीदा वाक्य जुळवलं होतं. ते तसंच राहिलं.

पुढच्या काळात माझं थोडं नाव झालं. कुणी कुणी पालकसभेला बोलवायचं. शिक्षा न करता कसं शिकवायचं यावर मी बोलायचे. मी लपवाछपवी करत नसे. मुलीचा कान, चेअरमन, उभं राहणं, सगळं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "स्वभावाला औषध नाही हे खोटं आहे. मी बदलले." लोक टाळ्या वाजवायचे. बायका नंतर येऊन हात हातात घ्यायच्या.

कोल्हापुरातल्या अशाच एका सभेला माझी मुलगी आली होती. ती तेव्हा बारावी होऊन कॉलेजात गेली होती. मला सोडायला म्हणून स्कूटीवरून आली आणि मागच्या रांगेत बसली. घरी आल्यावर मी चहाचं आधण ठेवलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, त्या पोरांना मारायचं तू कधी थांबवलंस?"

मी वर्ष सांगितलं.

"मी तेव्हा तिसरीत होते," ती म्हणाली. "मला तू आठवीपर्यंत मारलंस."

मी म्हणाले, "काहीतरीच काय? एखादी चापट दिली असेल."

"दूध उतू गेलं तेव्हा लाटण्यानं. बेचाळीस मार्क पडले तेव्हा बाथरूमात कोंडून. आत्याच्या घरी सगळ्यांसमोर." ती अगदी सपाट आवाजात बोलत होती. "लाटण्याचं तुला आठवत न्हाई?"

मला खरंच आठवत नव्हतं. आठवत नाही हे सांगायला मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी दंडातून ती जुनी ऊब वर चढताना मला जाणवली. चहाच्या पातेल्यापाशी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, टाळ्या घेऊन आल्यावर तासाभरात. मी हात ओट्यावर दाबून धरला.

"पण मी थांबवलंच ना ते," मी म्हणाले.

"तू थांबवलं न्हाईस आई. मी उंच झाले. आठवीत एकदा मी तुझं मनगट धरलं होतं. त्यानंतर तू मारलं न्हाईस." मग ती म्हणाली, "शाळेत तू सांगितलंस की उभं राहा. घरात कुणाला सांगितलं होतंस?"

चहा उकळून आटत होता. तिनंच गॅस बंद केला आणि खोलीत गेली.

त्यानंतर मी सभांना जाणं बंद केलं. काही दिवसांनी तिच्या खोलीत जाऊन म्हणाले, "मला सगळं सांग. मला ऐकायचंय. मी चुकले." ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, "न्हाई सांगणार. तुझं मन हलकं व्हावं म्हणून मी का सांगू?" मी दाराशी उभी राहिले. तिचं बरोबर होतं. मी परत स्वयंपाकघरात आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मी स्वतःला बदलताना कुठली खोली वगळली होती. शाळेत बघणारं कुणीतरी होतं. घरात हात त्याला हवा तसा वागायला मोकळा होता, आणि आपण बदललो हा माझा विश्वास फक्त दिवसाउजेडी, लोकांसमोर शाबूत होता.

मारणं थांबलं होतं हे खरं, पण जीभ होतीच. मुलीवर, मोलकरणीवर, म्हाताऱ्या झालेल्या सासूबाईंवरसुद्धा आता ती चालायला लागली होती, कारण त्याही आता उलट बोलू शकत नव्हत्या. हे मला एकदा दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येईना. मग पुन्हा पहिल्यापासून. या वेळी टाळ्या नव्हत्या, वर्ग नव्हता. सासूबाईंनी तिसऱ्यांदा चहा मागितला की मी आत जाऊन तोंडावर पाणी मारायचे आणि बाहेर येऊन चहा टाकायचे. कधी जमायचं. कधी पाणी मारायच्या आतच शब्द सुटलेला असायचा. सुटला की त्यांच्यापाशी बसून म्हणायचे, "आत्ता मी वाईट बोलले." त्यांना वाटायचं, सुनेला काहीतरी झालंय.

मुलगी नोकरीला पुण्याला गेली. रविवारी फोन करायची, पाच मिनिटं, तब्येत, पाणी, हवा. मध्ये एका रविवारी तिनं सांगितलं की तिनं नोकरी सोडलीय, दुसरी हातात नाही. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी ते गिळलं. ते खाली जायला बराच वेळ लागला. पलीकडे ती त्या वाक्याचीच वाट बघत होती.

मी विचारलं, "काय झालं तिथं?"

ती म्हणाली, "वेळ हाय का तुला? लांबडं हाय जरा."

"हाय की," मी म्हणाले आणि फोनजवळ खुर्ची ओढून घेतली.